ओल्या गोधडीचा वास: ऑकलंडमधल्या एका लाकडी घराच्या भिंतींचं प्रकरण

वास पहिल्यांदा आला तो आजींना. २००७ च्या जूनमध्ये, म्हणजे न्यूझीलंडच्या ऐन हिवाळ्यात, त्या कोल्हापूरहून लेकाकडे ऑकलंडला आल्या होत्या. खालच्या मजल्यावरची नैऋत्येची खोली त्यांना दिली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्या म्हणाल्या, "त्या खोलीत ओली गोधडी घडी घालून ठेवल्यासारखा वास येतोय रे." घरात कुणालाच तो जाणवत नव्हता. तीन वर्षं त्याच हवेत राहिलं की नाक सरावतं.

मी तेव्हा ऑकलंडमध्ये जुन्या घरांचं बाहेरचं आवरण उतरवून नवं चढवण्याच्या कामांवर देखरेख करत होतो. गणपतीच्या निमित्ताने या कुटुंबाची ओळख झालेली. सूनबाईंचा फोन आला, "दादा, एकदा येऊन बघता का? आई ऐकतच नाहीत, भिंत खराब आहे म्हणतात." मी गेलो. पलंगामागच्या भिंतीला हात लावला तर गार होती, ओली नव्हती. रंगही ठीक. मग कोपऱ्यातला गालिचा उचलला. गालिचा ताणून धरणारी खिळ्यांची लाकडी पट्टी भिंतीलगत असते. एका जागी तिचे खिळे तांबेरून काळे पडले होते आणि दोन हात पलीकडे तेच खिळे लख्ख. आजींचं नाक बरोबर होतं.

घर १९९९ साली बांधलेलं, दुमजली. चौकट रेडिएटा पाइनची: ९० बाय ४५ मिलिमीटरचे उभे खांब, मध्ये आडव्या दांड्या, तळाला सगळ्यांना बसवलेली आडवी पाटी. आतून जिप्समचे तक्ते. बाहेरून काळा इमारती कागद, त्यावर थेट फायबर सिमेंटचे तक्ते आणि त्यावर जाडसर रंगाचा लेप. लांबून पाहिलं तर सिमेंटचा गिलावा केलेलं भूमध्य समुद्राकाठचं घर वाटावं. छपराला वळचण नाही, खिडक्या भिंतीच्या पातळीत, वरच्या मजल्यावर भरीव कठड्याची गॅलरी. नव्वदच्या दशकात न्यूझीलंडमध्ये अशा घरांची फार चलती होती.

आणि याच घरांनी त्या देशाला रडवलं. इंग्रजीत त्याला 'लीकी होम्स', म्हणजे गळकी घरं म्हणतात. १९९१ च्या कायद्याने बांधकामाचे नियम सैल झाले. घर कसं बांधायचं हे न सांगता ते कसं टिकलं पाहिजे एवढंच सांगायचं, असं धोरण आलं. १९९८ मध्ये आणखी एक दार उघडलं. भट्टीत सुकवलेलं पाइन औषध न लावता चौकटीला वापरायला मान्यता मिळाली. त्याआधी कित्येक दशकं या लाकडाला बोरॉनचं औषध देत. ते मुळात भुंग्यासाठी, पण बुरशीलाही त्याचा आळा बसे. पाइन म्हणजे काही सागवान नव्हे; त्याला ओल लागली की ते महिन्यांच्या हिशेबात कुजतं. २००२ साली या गळक्या घरांच्या चौकशीसाठी नेमलेल्या हन समितीचा अहवाल आला, त्याच वर्षी तक्रारींसाठी वेगळा कायदा झाला. पुढे २००९ च्या एका अभ्यासात बाधित घरांचा अंदाज ४२,००० च्या आसपास आणि नुकसानीचा ११.३ अब्ज न्यूझीलंड डॉलर इतका निघाला. तेव्हाच्या अवघ्या त्रेचाळीस लाखांच्या देशात हा आकडा केवढा, ते लक्षात घ्या.

हे सगळं मला ठाऊक होतं, तरी आल्या आल्या "तुमचं घर गळतंय" असं मी म्हणालो नाही. कारण या घराच्या खिडक्याही रोज सकाळी घळाघळा रडत होत्या, आणि तो वेगळाच आजार होता.

गळती की दव?

आदल्या वर्षी पडद्यांवर काळे ठिपके आले तेव्हा या कुटुंबाने पैसे देऊन एक तपासनीस बोलावला होता. त्याने भिंतीला वरून यंत्र टेकवलं, खिडक्यांच्या चौकटी पाहिल्या, स्वयंपाकघरात डोकावला आणि सांगितलं, "हे कंडेन्सेशन आहे, घरातल्या वाफेचं दव; तुमच्या लोकांचा स्वयंपाक फार वाफेचा असतो." हे बोलणं सूनबाईंना लागलं होतं. त्यांनी कुकर गॅलरीत नेऊन लावायला सुरुवात केली होती. एका चुकीच्या निदानापायी घरातली बाई वर्षभर थंडीत बाहेर उभी राहून भात शिजवते, याचा मला आजही राग येतो.

त्यातली अर्धी गोष्ट खरी होती, हे मात्र मान्य करायला हवं. घरातली हवा २० अंशांवर आणि आर्द्रता ६५ टक्के असेल, तर तिचा दवबिंदू सुमारे १३ अंश येतो. म्हणजे १३ अंशांपेक्षा गार असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर पाणी जमणारच. बाहेर सहा-सात अंश असताना एकेरी काचेची आतली बाजू नऊ-दहावर उतरते. चार माणसांचा श्वास, अंघोळी, स्वयंपाक आणि आत वाळत घातलेले कपडे मिळून दिवसाला आठ-दहा लिटर पाणी सहज हवेत जातं. भरीला त्यांच्याकडे गॅसची शेगडी होती, धुराडं नसलेली, खोली गरम करायला. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून थोडं जास्त पाणी वाफ होऊन खोलीत येतं. आपल्या १४.२ किलोच्या सिलिंडरचा हिशेब केला तर जवळपास २२ लिटर. ती शेगडी आधी बंद करायला लावली आणि विजेचा हीटर आणवला.

मग वही घातली. भिंतीच्या आतल्या बाजूने, फरशीलगतच्या पट्टीच्या वर आणि खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत, अशा पाच ठिकाणी बारीक भोकं पाडून लाकडातच दोन-दोन पिना बसवल्या. यंत्राच्या तारा त्यांना जोडल्या की लाकडातली ओल टक्क्यांत कळते. वहीत रोज लिहायचं: पाऊस किती, वारा कुठला, सकाळी काचेला पाणी होतं का, आणि पाच आकडे. आजींनी हे काम स्वतःकडे घेतलं. त्यांचं अक्षर सुंदर होतं.

दोन्ही आजारांचं वेळापत्रक वेगळं असतं. दव येतं निरभ्र, गार रात्री. ते सगळ्यात थंड जागी धरतं: काचेवर, कपाटामागे, बाहेरच्या दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात, आणि बऱ्यापैकी सारखं पसरतं. गळती येते वाऱ्याबरोबरच्या पावसानंतर, एका जागी, बहुतेकदा खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात नाहीतर जमिनीलगत. कधी कधी पाऊस थांबून दिवस उलटल्यावर दिसते.

जुलैच्या अखेरीला एक आठवडा कडाक्याच्या थंडीचा गेला. वहीत सातही दिवस 'काच ओली', पण भिंतीतले आकडे जागचे हलले नाहीत. ऑगस्टमध्ये नैऋत्येचं वादळ आलं. ढगांमुळे रात्र उबदार होती. वहीत आजींनी लिहिलं: 'काच कोरडी. पाऊस आडवा.' दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या खोलीतल्या तिसऱ्या पिनेचा आकडा २४ वरून ३६ वर गेला होता. ३० च्या वर हे यंत्र नेमकं मोजत नाही, पण लाकूड चिंब आहे एवढं नक्की सांगतं. दुसऱ्या बाजूच्या कोरड्या भिंतीत आकडा १४ होता. लाकडात वीस टक्क्यांच्या आत ओल असेल तर बुरशी त्याला कुजवू शकत नाही. सव्वीस-सत्तावीसच्या पुढे गेली आणि तशीच राहिली की कुजणं सुरू.

तेव्हा या घरात दवही होतं आणि गळतीही होती, आणि दवाच्या आड गळती लपली होती.

भिंत उघडली तेव्हा

ऑक्टोबरमध्ये बाहेरून खिडकीच्या खालच्या कोपऱ्याजवळ फूटभर चौकोन कापला. तक्ता निघाला तो मागच्या कागदाला चिकटूनच. कागद ओला, आणि त्याच्या मागे उभ्या खांबाचा तळ तपकिरी झालेला, कोळशाला पडतात तशा चौकोनी भेगा पडलेला. स्क्रू-ड्रायव्हर टेकवला आणि जोर न लावता मुठीपर्यंत आत गेला. तळाची पाटी तर हाताने सालपटं ओढावीत तशी निघत होती. जिप्समच्या पाठीला काळी बुरशी चढलेली. तिचे कण छातीत जाऊ नयेत म्हणून मास्क घातले आणि खोली आतून बंद करून घेतली. सूनबाई बाहेर उभ्या राहून सगळं पाहत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे कुकरचा काही संबंध नव्हता."

पाणी आलं होतं वरून, थेट त्या खिडकीतून नव्हे. वरच्या गॅलरीच्या भरीव कठड्याचा माथा अगदी सपाट होता, पाणी वाहून जायला उतार नव्हता. वर पकडायची नळी बसवायला बोल्ट मारले होते, ते आरपार. कठडा जिथे घराच्या भिंतीला भिडतो तिथे पत्र्याची खोगीर फ्लॅशिंग हवी, म्हणजे पाणी बाहेर वळवणारा खोगिरासारखा पत्रा. तिच्या जागी फट बुजवायच्या सिलंटची एक रेघ होती आणि सिलंटला केसाएवढी चीर. त्या चिरेतून गेलेलं पाणी कठड्याच्या पोटातून भिंतीत उतरलं, खालच्या खिडकीच्या डोक्यावरच्या तुळईवर थबकलं, दोन्ही बाजूंनी वाट काढत तळाच्या पाटीवर येऊन बसलं. तक्त्यांची खालची कडा बाहेरच्या फरशीत गाडलेली, त्यामुळे बाहेर पडायला जागाच नाही.

एवढ्याशा चिरेतून एवढं पाणी कसं, हा प्रश्न मला प्रत्येक घरमालक विचारतो. वारा भिंतीवर आदळला की बाहेर हवेचा दाब वाढतो आणि भिंतीच्या पोटात तो कमी असतो. हा फरक पाण्याला आत ढकलतो, म्हणजे चीर पाणी ओढूनच घेते. आणि आत गेलेलं पाणी वाळायचं तर त्याला हवा हवी. इथे बाहेरून रंगाचा जाड लेप, कागद आणि तक्ता एकमेकांना चिकटलेले. भिंतीला श्वासच नाही. ऑकलंडला वर्षाला साधारण ११००-१२०० मिलिमीटर पाऊस पडतो, रत्नागिरीच्या निम्म्याहूनही कमी. पण तो बाराही महिने पडतो, आणि हिवाळ्यात दोन पावसांमध्ये भिंत सुकावी इतकं ऊन मिळत नाही.

हे समजावताना मला राजापूरचं आमचं घर आठवतं. मातीच्या भिंती, आणि पाऊस घाटमाथ्याला लाजवेल असा. तरी त्या टिकल्या, कारण छपराची वळचण तीन फूट पुढे आलेली, पागोळ्या भिंतीपासून लांब पडायच्या, जोतं जांभ्याचं आणि उंच. शिवाय मे महिन्याच्या शेवटी वडील पश्चिमेच्या भिंतीबाहेर वीतभर अंतर सोडून माडाच्या चुडतांची झापं बांधायचे. पावसाचा मारा झापांवर. झापांतून थोडं पाणी आत आलंच तर ते मधल्या मोकळ्या जागेत खाली गळून जायचं, आणि त्याच फटीतून वारा फिरून भिंत सुकायची. ऑकलंडला येऊन मी भिंतींची दुरुस्ती शिकलो तेव्हा नव्या नियमांत जी 'पोकळी' मागतात ती पाहून मला पहिल्यांदा ती झापंच आठवली. कॅनडात व्हँकुव्हरच्या सदनिकांत हेच संकट न्यूझीलंडच्या आधी येऊन गेलं होतं, १९९८ मध्ये तिथे चौकशी आयोगही बसला होता, आणि तिथेही अखेर पोकळीच्याच भिंतींकडे वळावं लागलं.

दुरुस्ती

मधली दोन वर्षं कागदपत्रांत गेली. घर बांधून झाल्यापासून दहा वर्षांच्या आत दावा दाखल करावा लागे, आणि आमच्याकडे जेमतेम वर्ष उरलं होतं. बांधणारी कंपनी केव्हाच गुंडाळलेली. तडजोडीत काही रक्कम मिळाली, ती पुरेशी नव्हती; उरलेली कर्जाने उभी केली. सरकारने २५ टक्के आणि नगर परिषदेने २५ टक्के द्यायची योजना २०११ मध्ये आली, तोवर यांचं काम उरकलं होतं. यावर मी जास्त लिहीत नाही, कारण भिंत त्याने सुकत नाही.

त्या दोन वर्षांत तात्पुरतं एकच काम केलं, पण त्याचा उपयोग झाला: कठड्याच्या माथ्यावर उताराचा पत्रा आणि भिंतीशी खोगीर बसवली. तिसऱ्या पिनेचा आकडा दोन महिन्यांत ३६ वरून २२ वर आला. मुख्य वाट सापडली होती याची ती खात्री.

२०१० च्या जानेवारीत, उन्हाळ्यात, घराभोवती परांची उभारून वरून प्लॅस्टिक ओढलं आणि सगळं आवरण उतरवलं. कुजलेलं लाकूड कापताना जिथे डोळ्यांना चांगलं लाकूड दिसू लागतं तिथे थांबायचं नसतं, त्याच्या पुढे मीटरभर कापायचं. बुरशीचे धागे दिसतात त्याच्या बरंच पुढे पोचलेले असतात. नवं लाकूड बोरॉन दिलेलं, ओळखू यावं म्हणून गुलाबी रंगवलेलं. २००४ मध्ये नियम बदलून औषध दिलेलं लाकूड पुन्हा सक्तीचं झालं होतं. जुनं, पण शाबूत लाकूडही उघडं असेपर्यंत औषधाने रंगवून घेतलं. मग तीन आठवडे काहीच केलं नाही, फक्त वारा खेळू दिला. मालकांना घाई होती, त्यांचं भाड्याचं घर चालू होतं, पण आकडे सगळीकडे १८ च्या खाली येईपर्यंत मी आतले तक्ते लावू दिले नाहीत. ओल्या चौकटीवर आतून-बाहेरून झाकण घातलं तर नवी भिंतही जुन्याच वाटेने जाते.

चौकटीच्या बाहेर वाफ जाऊ देणारा पण पाणी अडवणारा कागद, त्यावर उभ्या पट्ट्या ठोकून २० मिलिमीटरची पोकळी आणि मग बाहेरचा तक्ता. पोकळीच्या तळाला बारीक भोकांची पट्टी, पाणी बाहेर पडावं, हवा आत यावी, उंदीर शिरू नये म्हणून. खिडकीच्या डोक्यावर पत्रा. खिडकीखाली मागे उभी कड असलेला ताटासारखा पत्रा, म्हणजे खिडकी गळली तरी पाणी पोकळीत पडेल, लाकडावर नाही. तक्त्याची खालची कडा फरशीपासून १०० मिलिमीटर आणि मातीपासून १७५ मिलिमीटर वर. छपराला दोन बाजूंनी वळचण वाढवली. भरीव कठडा काढून साधे गज लावले.

एका सकाळी मी गेलो तर सुताराने पोकळीचा तळ पांढऱ्या सिलंटने सफाईने बंद केला होता. तो मेहनती माणूस होता, वीस वर्षं हेच काम करत आलेला, आणि फट दिसली की भरायची हीच त्याची शिकवण. त्याला बाजूला नेऊन वरून अर्धी बादली पाणी पोकळीत ओतून दाखवलं. पाणी तळाशी साचून राहिलं. त्याने स्वतः सुरी घेतली आणि बारा मीटर सिलंट कापून काढलं. पुढे त्याच्या हातून अशी चूक झालेली मी पाहिली नाही.

दवाचा बंदोबस्त वेगळा. भिंतीत आणि छतात लोकर भरली, दुहेरी काचा बसवल्या, स्वयंपाकघरातला आणि न्हाणीघरातला पंखा थेट घराबाहेर हवा सोडेल असा लावला. आधीचा पंखा माळ्यावर वाफ सोडत होता, आणि तिथेही लाकूडच आहे. कुकर ओट्यावर परत आला.

भिंतीच्या आतून प्लॅस्टिक का नाही लावलं, असं सूनबाईंच्या भावाने पुण्याहून विचारलं होतं. त्याने कुठेतरी वाचलं होतं की लाकडी घरात ते लावतात. लावतात, पण कॅनडासारख्या कडक थंडीच्या देशात. तिथे उबदार घरातली वाफ बाहेरच्या गारठ्याकडे जाते आणि वाटेत भिंतीत थिजते, म्हणून तिला आतच अडवायचं. ऑकलंडची थंडी तेवढी नाही. आणि लोणावळा-महाबळेश्वरकडे आता लाकडी चौकटीच्या कॉटेज होतात, त्यात एसी लावतात, तिथे गणित उलटं फिरतं. जुलैत बाहेर २६ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २३ अंशांच्या आसपास. आत एसी २० वर. वाफ बाहेरून आत निघते आणि आतल्या गार अस्तराच्या पाठीवर पाणी धरते. तिथे आतून प्लॅस्टिक किंवा व्हिनाइलचा वॉलपेपर लावला तर ते पाणी तिथेच अडकून मागचं लाकूड खातं. परदेशी पुस्तकातला भिंतीचा छेद उचलून इथे बांधू नका, हे मी त्याला कळकळीने सांगितलं. तो आर्किटेक्टकडे गेला आणि नकाशातलं प्लॅस्टिक काढून आला.

पिना भिंतीतच ठेवल्या होत्या. २०११ च्या ऑगस्टमध्ये, हिवाळा सरता सरता, आकडे घेतले: १३, १४, १४, १५ आणि नैऋत्येच्या कोपऱ्यात १९. धोक्याचा नाही, पण बाकीच्यांशी जुळतही नाही. बाहेर जाऊन पाहिलं. आजी त्या वर्षी पुन्हा आल्या होत्या. त्यांनी भिंतीला लागून मेथी-कोथिंबिरीचा वाफा केला होता, माती छान भुसभुशीत, तळाच्या भोकांच्या पट्टीच्या वर चार बोटं चढलेली. मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, "ही भोकं बुजली का रे माझ्यानं?" त्यांच्या लेकाने आणि मी मिळून वाफा दीड फूट पुढे सरकवला, पट्टी ब्रशने साफ केली आणि मध्ये खडी पसरली. आजींनी वहीत तारीख घातली. तीन आठवड्यांनी त्या कोपऱ्यात १५ आले.